बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नका



या पानावर नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी माहिती देतो. या वेळी विषय वेगळा आहे. गटात फिरताना पुष्कळ जण सांगतात, "साहेब, बीपीची गोळी चालू होती, आता बरं वाटतंय म्हणून बंद केली." हा गैरसमज घातक आहे, म्हणून हा लेख.

नदीवरची मोटर आणि पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. मोटर म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. दाब कायम जास्त राहिला तर मोटरवर ताण येतो आणि कधीतरी पाइप फुटतो. शरीरात त्यातूनच हृदयविकार, लकवा आणि मूत्रपिंडाचे आजार होतात. फरक एवढाच, की गळका पाइप दिसतो. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून जास्त, असा वारंवार आला तर रक्तदाब वाढला असे धरतात.

औषधे मुख्यतः चार तऱ्हेची असतात. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. त्याने काहींच्या पायांवर सूज येते. टेल्मिसार्टनसारखी औषधे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाचा परिणाम रोखतात. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी बहुधा सकाळी देतात, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही हृदयाचे ठोके कमी करतात. ती एकाएकी बंद केली तर छातीत दुखणे, प्रसंगी झटकाही येऊ शकतो. त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतात. आपल्या मनाने बंद करू नये.

या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पडताळून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. त्यानंतर जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. पण त्याने काही रुग्णांचे मन खचू लागले, आणि पुढे अधिक चांगली औषधे निघाल्यावर ते मागे पडले. म्हणून आज कोणी मुळी उगाळून दिली तरी घेऊ नये. मुळीत औषध किती उतरले आहे, हे घरी कळत नाही.

आणखी एक गोष्ट. लागण, तोडणी, भरणी झाली की कंबर धरते आणि आपण दुकानातून अंगदुखीची गोळी आणतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते आणि बीपीच्या गोळीचा गुणही कमी होतो. तेव्हा कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना आधी सांगावे. लोणचे, पापड, खारवलेले मासे बेतानेच खावेत. तंबाखू सोडावी.

गोळी घेऊन आकडा खाली आला, याचा अर्थ गोळी काम करते आहे; आजार गेला असा नव्हे. पाणी तोडले की ऊस सुकतो, तसेच हे आहे. सर्व सभासदांनी, विशेषतः तिशी ओलांडलेल्यांनी, नसरापूरच्या बाजाराला आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा आणि घरातील बायामाणसांचाही मोजून घ्यावा. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, किंवा तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी