लाख ठोक्यांवरच्या खुणा

छातीवर इलेक्ट्रोड चिकटवून आणि कमरेला ईसीजी सतत नोंदवणारे छोटेसे होल्टर यंत्र अडकवून पेशंट घरी जातो, दुसऱ्या दिवशी यंत्र परत आणून देतो. मिनिटाला सरासरी ७० ठोके धरले, तरी चोवीस तासांत हृदयाचे एक लाखाहून अधिक ठोके पडतात. नेहमीच्या ईसीजीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, ही सगळी नोंद कागदावर काढली तर पट्टी दोन किलोमीटरच्या पुढे जाईल. ती इंच-इंच वाचायला कोणाला सवड असणार? म्हणून पहिले वाचन सॉफ्टवेअर करते.

त्याचे पहिले काम ठोका शोधण्याचे. ईसीजीतल्या नेहमीच्या ठोक्यात पी, क्यूआरएस आणि टी अशा लाटा असतात. सगळ्यात उंच टोक म्हणजे ठोका, असे संगणकाला सांगून भागत नाही, कारण काही पेशंटांची टी लाटही चांगलीच उंच असते. क्यूआरएसची खरी ओळख तिच्या चढाची. जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धत याच चढावर उभी आहे. आधी स्नायूंची थरथर आणि श्वासाबरोबर होणारी वरखाली गाळून टाकायची, मग चढ मोजायचा, मग त्याचा वर्ग करायचा. वर्ग केल्यावर बारीकसारीक हालचाली दबतात आणि तीव्र चढ उठून दिसतो. दोन ठोक्यांमधल्या सरासरी अंतराच्या १६६ टक्के वेळ उलटूनही पुढचा ठोका सापडला नाही, तर संगणक मागे वळून कमी कडक निकषाने तोच भाग पुन्हा धुंडाळतो. ही पद्धत मला आजही देखणी वाटते.

ठोका सापडला की त्याची जात ठरवायची. सारख्या आकाराचे ठोके सॉफ्टवेअर एका गटात टाकते आणि टेक्निशियन पडद्यावर एकेक गट तपासतो. सोय मोठी, पण जोखीमही तिथेच. जवनिकेतून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, आलेले अवेळी ठोके म्हणून शेकडो ठोक्यांच्या गटावर एका क्लिकने ‘व्ही’ हे लेबल लागते. तो गट मुळात चुकीचा जुळलेला असेल, तर रिपोर्टमधला आकडाच फिरतो. दात घासताना हात हलतो तेव्हा नोंदीवर अशा लाटा उमटतात की धोकादायक वेगवान तालाचा भास व्हावा. जाणता डोळा अशा वेळी दुसरी लीड, म्हणजे दुसऱ्या इलेक्ट्रोडांवरून घेतलेली नोंद, बघतो. त्या गोंधळातून नेहमीचे क्यूआरएस ठरल्या वेळी डोके वर काढताना दिसले, की तो ब्रशचा प्रताप.

सॉफ्टवेअर बरोबर आहे हे मात्र ठरवायचे कशावरून? त्यासाठी आधी कोणीतरी माणसाने प्रत्येक ठोक्यावर खूण केलेली असावी लागते. बॉस्टनमधील बेथ इस्रायल हॉस्पिटल आणि एमआयटी इथल्या जॉर्ज मूडी, रॉजर मार्क आणि सहकाऱ्यांनी हे काम केले. १९७५ ते १९७९ या काळातल्या नोंदींतून त्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ तुकडे निवडले. साध्या प्रोग्रॅमने सापडेल तो प्रत्येक ठोका ‘नॉर्मल’ म्हणून नोंदवला. मग प्रत्येक तुकड्याच्या १५० फूट लांब अशा दोन एकसारख्या पट्ट्या छापून दोन हृदयरोगतज्ज्ञांकडे स्वतंत्रपणे दिल्या. त्यांनी निसटलेले ठोके भरले, खोटे खोडले, लेबले बदलली. जिथे दोघांचे जुळले नाही तिथे बसून चर्चा झाली. ९६ पट्ट्या, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त कागद, हाताने तपासला गेला.

या ४८ तुकड्यांच्या संग्रहातली १०० क्रमांकाची नोंद नवशिक्या विद्यार्थ्याला बहुधा सगळ्यात आधी भेटते. तिच्यात २२७३ ठोके आहेत. ३३ ठोके अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, अवेळी आलेले, आणि जवनिकेतून आलेला फक्त एक. तो एक ठोका सापडतो का, हीच प्रोग्रॅमची परीक्षा. तज्ज्ञाच्या खुणेपासून १५० मिलिसेकंदांच्या आत प्रोग्रॅमची खूण पडली तर जुळले म्हणायचे, अशी तपासणीची रीत आहे. संग्रह १९८० मध्ये टेपवर बाहेर पडला, १९८९ मध्ये सीडीवर आला, १९९९ मध्ये त्याचा सुमारे निम्मा भाग फिजिओनेट या संकेतस्थळावर मोफत झाला, आणि २००५ पासून तो तिथे सगळाच सर्वांना मोफत आहे. आपल्याकडचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थीही प्रोजेक्टसाठी तोच उतरवून घेतात.

सुमारे १,१०,००० खुणांच्या या संग्रहात ३३ ठोक्यांवर ‘क्यू’ लिहिलेले आहे. त्यांची जात ठरवता आली नाही, आणि तसे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या मंडळींनी दाखवला. माझ्या मते संग्रहाची पत या ३३ खुणांनी वाढली.

२०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ५३,५४९ पेशंटांच्या ९१,२३२ नोंदींवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क प्रसिद्ध केले. बारा प्रकारचे ताल ओळखण्यात त्याचे गुण सरासरी हृदयरोगतज्ज्ञापेक्षा सरस ठरले. पण गुण द्यायला उत्तरपत्रिका कोणाची? हृदयरोगतज्ज्ञांच्या समितीने एकमताने लावलेली ३२८ नोंदींवरची लेबले. कागद गेला, पडदा आला, तरी खूण करणाऱ्या माणसाची जागा तीच राहिली. म्हणूनच मला वाटते, आपल्या गावागावांतल्या पेशंटांच्या नोंदींवर अशाच कष्टाने, दोन-दोन तज्ज्ञांकडून खुणा करून घेतल्या पाहिजेत. बॉस्टनच्या त्या संग्रहातले बरेचसे पेशंट एकाच हॉस्पिटलात दाखल असलेले होते. तेवढ्यावर घासूनपुसून तयार झालेला प्रोग्रॅम चंद्रपूरच्या शेतमजुराची नोंद कशी वाचेल, हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नये.

एक खूण मात्र पेशंटनेच करायची असते. होल्टरबरोबर त्याला एक डायरी देतात, ती बरेच जण कोरीच परत करतात. असे करू नका. जिना चढताना धडधडले, जेवल्यावर गरगरले, तर लगेच घड्याळातली वेळ लिहा. टेक्निशियन नेमके ते मिनिट पडद्यावर उघडतो. ताल बिघडलेला दिसला तर कारण हाती लागते. आणि धडधड चालू असताना ताल अगदी साफ निघाला, तर डॉक्टर थायरॉइड, रक्तातले हिमोग्लोबिन, झोप आणि चिंता यांच्याकडे वळू शकतात.