ज्ञानपंथ आणि आचारधर्म

धर्म कशाच्या बळावर टिकतो, ज्ञानाच्या की आचाराच्या, हा प्रश्न पंडितांनी पुष्कळ चर्चिला आहे. परंतु त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा इतिहासाकडे मागणे अधिक श्रेयस्कर होय. आणि त्याकरिता फार दूर जावयास नको. पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाणारा व १९८१ पासून रायगड हे नाव धारण करणारा आपला समुद्रकाठचा जिल्हाच या प्रश्नाची एक बाजू मांडावयास पुरेसा आहे.

अलिबागच्या उत्तरेस नवगाव नावाचे खेडे आहे. तेथील किनाऱ्यानजीक एक जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल समाज वाढला, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. जहाजाबरोबर त्यांचे धर्मग्रंथही समुद्रार्पण झाले. पुढे कित्येक शतके हे लोक कोकणच्या खेड्यापाड्यांत तेलाचे घाणे चालवीत राहिले. ते मराठी बोलू लागले. गावांवरून दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे त्यांनी घेतली. हिब्रू भाषा त्यांना येईनाशी झाली. तथापि शनिवारी घाणा जुंपावयाचा नाही, मुलाची आठव्या दिवशी सुंता करावयाची, खवले नसलेला मासा खावयाचा नाही आणि 'शेमा' ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना मुखी ठेवावयाची, एवढे त्यांनी सोडले नाही. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले ते यामुळेच. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ओला नारळ व साखर घातलेल्या पोह्यांचा मलिदा फळांसह ठेवून प्रार्थना करण्याची त्यांची रीत तर सर्वस्वी कोकणच्या मातीतील आहे. दावीद राहाबी नावाच्या परदेशी धर्मबंधूने त्यांना ओळखले व पुन्हा शास्त्र शिकविले, असे परंपरा सांगते. पुढे मुंबईस १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले, आणि १८७४ साली वल्हांडण सणाची पोथी पुण्यास मराठी भाषांतरासह छापली गेली. ग्रंथ गेला, भाषा गेली, परंतु आचार राहिला. आणि आचार राहिला म्हणून ग्रंथ परत आला.

आता याच किनाऱ्यावरून दुसऱ्या बाजूकडे पाहावयाचे आहे. अलिबागच्या दक्षिणेस चौल हे प्राचीन बंदर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे राहणाऱ्या टॉलेमी नामक भूगोलज्ञाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ज्या व्यापारी पेठा नोंदविल्या, त्यांतील 'सिमुल्ला' म्हणजे हे चौल, असे संशोधक मानतात. ज्या नगरीत बसून तो आपल्या किनाऱ्याची गावे लिहीत होता, त्याच नगरीत त्याच शतकात बॅसिलायडीझ हा आचार्य एका विलक्षण धर्माचे प्रवचन करीत होता. त्याचा समकालीन व्हॅलेन्टायनस हाही तेथेच शिकला व पुढे रोमला गेला. या धर्मातील निरनिराळ्या पंथांस एकत्रितपणे 'ग्नोस्टिक' म्हणतात. ग्रीक भाषेत 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान. आपला 'ज्ञा' धातू आणि हा शब्द हे एकाच कुळातील होत. तेव्हा त्यांस मराठीत 'ज्ञानपंथ' म्हणावयास हरकत नाही.

या ज्ञानपंथांचे मत थोडक्यात असे. खरा परमेश्वर या विश्वाच्या पलीकडे आहे. तो अनिर्वचनीय आहे. हे जग त्याने निर्माण केलेले नाही. ते एका कनिष्ठ व अज्ञ स्रष्ट्याचे काम आहे. 'माझ्यावाचून दुसरा देव नाही' असे हा स्रष्टा समजतो, हेच त्याचे अज्ञान. त्याच्या हाताखाली अनेक अधिपती असून ते एकेका आकाशमंडलाचे नाके अडवून बसले आहेत. मनुष्याच्या देहात मात्र पलीकडच्या प्रकाशाचा एक कण अडकलेला असतो. आपण कोण, कोठून आलो व कोठे जावयाचे, याचे ज्ञान वरून आलेल्या उद्धारकाकडून ज्यास झाले, तो मुक्त होतो. कित्येक पंथ तर असे शिकवीत की, मरणानंतर जीव वर जाऊ लागला म्हणजे प्रत्येक नाक्यावरचा अधिपती त्यास अडवितो, आणि परवलीचा शब्द ठाऊक असेल तरच पुढे सोडतो. त्यांच्यात संस्कारही होते. जलस्नान, तैलाभ्यंग, सहभोजन, उद्धार आणि 'वधूगृह' या गूढ नावाचा एक विधी, अशा पाच संस्कारांचा उल्लेख त्यांच्या एका ग्रंथात आढळतो. परंतु 'ज्यास ज्ञान झाले त्यास बाह्य विधीची मातब्बरी ती काय?' असे म्हणणारेही त्यांच्यात होते.

या पंथांचे पुढे काय झाले? ख्रिस्ती धर्मपीठाने त्यांस पाखंडी ठरविले. त्यांचे ग्रंथ नाहीसे झाले. शेकडो वर्षे त्यांची माहिती जगास मिळे ती मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखांतून, इ. स. १८० च्या सुमारास लिआँचा धर्माधिकारी आयरीनियस याने लिहिलेले खंडन हे त्यांपैकी प्रमुख होय. अखेर १९४५ साली मिसर देशात नाग हम्मादी या गावाजवळ खतासाठी माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक मातीचा रांजण सापडला. त्यात कॉप्टिक भाषेतील तेरा पोथ्या होत्या. ग्रंथ मिळाले, पण ते हाती घेऊन उपासना करणारा एकही कुटुंबप्रमुख तेथे उरलेला नव्हता. अपवाद एकच, आणि तो मोठा बोधप्रद आहे. इराक व इराण येथील मंदाई नावाचा लहानसा समाज या प्राचीन ज्ञानपंथांपैकी आजपर्यंत टिकला आहे. 'मंदा' या शब्दाचा अर्थही ज्ञानच. परंतु त्यांचा धर्म टिकला तो वाहत्या पाण्यात पुनःपुन्हा करावयाच्या स्नानसंस्कारामुळे. जिथे ज्ञानास नित्याच्या विधीची जोड होती, तिथेच ते पिढी ओलांडून गेले.

असा ज्ञानपंथ महाराष्ट्रात कधी झाला काय? सह्याद्री ओलांडून गोदावरीकाठी व वऱ्हाडात गेले असता त्याचे उत्तर मिळते. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेला महानुभाव पंथ हा त्या जातीचा आहे. अलेक्झांड्रिया व वऱ्हाड यांच्यामध्ये हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एकाने दुसऱ्यापासून काही घेतले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दोन भिन्न भूमींत माणसाच्या मनाने एकच प्रश्न विचारला, आणि उत्तराचा आराखडा पुष्कळसा सारखा निघाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महानुभाव तत्त्वज्ञानात चार पदार्थ नित्य मानिले आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. परमेश्वर हा नित्यमुक्त. जीव हा बद्धमुक्त, म्हणजे अनादिकाळापासून अविद्येने बांधलेला, पण सुटण्यास पात्र असलेला. देवता मात्र नित्यबद्ध. त्यांना सुटका नाही. प्रपंच कार्यरूपाने नाशवंत, कारणरूपाने नित्य. देवतांची संख्या एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा सांगितली असून त्यांचे नऊ थवे कल्पिले आहेत. अगदी खाली कर्मभूमीच्या देवता. त्यांच्यावर अंतराळातील, स्वर्गातील, सत्य, कैलास व वैकुंठ येथील अशा पायऱ्या चढत जाऊन सर्वांच्या वर चैतन्य नावाची माया आहे. आपण ज्यांना थोर देव मानितो तेही या श्रेणीतच येतात. प्रत्येक देवता भक्तास आपापले फळ देते, पण ते फळ भोगून संपते व जीव पुन्हा खाली येतो.

ही कल्पना सरकारी कचेरीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. तलाठ्याकडून उतारा मिळतो, मामलेदाराकडून दाखला मिळतो, कलेक्टराकडून त्याहून मोठे काम होते. प्रत्येकाचा अधिकार खरा आहे, पण तो मर्यादित आहे. जन्मठेपेच्या कैद्याने यांपैकी कोणाचेही पाय धरले तरी बेडी तुटावयाची नाही. कारण शिक्षा माफ करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाहीच. जीवाची बेडी तोडण्याचा अधिकार एकट्या परमेश्वराचा. तो अवतार घेऊन येतो, ज्ञान व प्रेम देतो, आणि मग जीव सुटतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चांगदेव राऊळ, ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ म्हणजे श्रीगोविंदप्रभू आणि स्वतः श्रीचक्रधर, हे पाच अवतार 'पंचकृष्ण' म्हणून पूज्य होत.

येथे ग्नोस्टिकांशी असलेला भेदही सांगितला पाहिजे. त्यांच्या दृष्टीने जगाचा कर्ता हा जीवाचा तुरुंगाधिकारी, आणि जग ही त्याने मांडलेली फसवणूक. महानुभावांच्या देवता दुष्ट नाहीत. त्या नुसत्या असमर्थ आहेत. जीवांस सुटण्याची संधी मिळावी म्हणून, परमेश्वराच्याच प्रवृत्तीने, मायेकडून ही सृष्टी रचली जाते. म्हणून जगाचा तिटकारा येथे नाही; उलट मुंगीलाही दुखवू नये इतकी कडक अहिंसा आहे.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे निघून गेले. परमेश्वर संनिध असता सर्वच सुलभ. तो दृष्टीआड झाल्यावर अनुयायांनी करावयाचे काय? या काळास पंथात 'असंनिधान' म्हणतात, आणि पंथाचा सारा आचारधर्म याच प्रश्नाच्या उत्तरादाखल उभा आहे. संन्यस्ताने नित्य अटन करावे, एका गावी मुक्काम धरून आसक्ती वाढवू नये. चारी वर्णांच्या घरी भिक्षा मागावी, मिळेल ते झोळीत घ्यावे व चवीची निवड करू नये. एकांती बसून परमेश्वराचे नाम, मूर्ती, लीला व चेष्टा यांचे स्मरण करावे. गृहस्थाने उपदेश घेऊन आपल्या शक्तीप्रमाणे नियम पाळावे. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चौघांना मान द्यावा. म्हणजे अवतार जिथे बसला वा निजला ती जागा, त्याचा स्पर्श झालेली वस्तू, त्याच्या मार्गाने चालणारा विरक्त आणि त्याच्या ठायी ओढ असलेला गृहस्थ.

यांपैकी स्थानाची पूजा परक्या माणसाच्या डोळ्यांत प्रथम भरते. महानुभाव मंदिरात बहुधा एक बसका ओटा असतो. भक्त त्यावर मस्तक टेकवितो, कारण त्या ठिकाणी स्वामींचे आसन होते. अशा ठिकाणांची नोंद 'स्थानपोथी' या स्वतंत्र ग्रंथात आहे. देव येथे होता, येथून गेला आणि आता येथे नाही, ही विरहाची जाणीव त्या ओट्यात साठविलेली आहे. विधी म्हणजे नुसते कर्मकांड नव्हे, तर जपून ठेवलेली आठवण होय, हे त्यावरून कळते.

ज्ञान कोणास द्यावे या बाबतीत पंथाचा आरंभ फार उदार होता. स्वामींनी स्त्रियांस शिष्यत्व व संन्यास दिला. रजःस्राव हा देहाच्या इतर स्रावांसारखाच एक, त्याचा विटाळ कसला, असे त्यांचे मत 'लीळाचरित्रा'त नमूद आहे. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा याच परिवारातील. पुढे आचार्य नागदेवांपुढे केशोबासांनी संस्कृतात ग्रंथ लिहिण्याची गोष्ट काढली, तेव्हा तेणेकरून माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, अशा आशयाचे बोलून त्यांनी ती नाकारली. म्हाइंभटांनी स्थळोस्थळी हिंडून, ज्यांनी जे पाहिले-ऐकिले ते विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केले, आणि मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ निर्माण झाला.

पुढे मात्र काळ पालटला. वेदप्रामाण्य व जातिभेद न मानणाऱ्या या पंथावर समाजाचा रोष झाला, आणि चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या निघून ग्रंथ त्यांत लिहिले जाऊ लागले. रक्षणासाठी घातलेले कुलूप हळूहळू अलगपणाची भिंत झाले. बाहेरच्यांना पोथी वाचता येईना, म्हणून त्यांनी पंथाविषयी वाटेल त्या कंड्या पिकविल्या आणि खुशाल खऱ्या मानल्या. बायाबापड्यांसाठी मराठीत ठेविलेले ज्ञान सुमारे पाच शतके उर्वरित महाराष्ट्राला मिळाले नाही. आणि आपल्या भाषेचा आरंभ केवढा समृद्ध होता, हेही त्यामुळे महाराष्ट्रास ठाऊक नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पंथातील महंतांनीही पोथ्या दाखविल्या, आणि हरि नारायण नेने, विष्णु भिकाजी कोलते आदी अभ्यासकांच्या श्रमाने ते वाङ्मय छापून बाहेर आले.

परंतु या दीर्घ अज्ञातवासात पंथ स्वतः मेला नव्हता. नाग हम्मादीच्या रांजणाप्रमाणे त्याच्या पोथ्या मातीतून उकराव्या लागल्या नाहीत. त्या मठांत होत्या, वाचल्या जात होत्या, आणि झोळी घेतलेले भिक्षुक त्यांतील नियम पाळून गावोगाव फिरत होते. पंजाबात 'जयकृष्णी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांनी तर पेशावरपर्यंत मराठी ही आपली धर्मभाषा म्हणून जतन केली. १९४७ च्या फाळणीत त्यांतील अनेक कुटुंबे घरदार टाकून दिल्ली व पूर्व पंजाबकडे आली. ज्या ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभू वावरले, तेथे अलीकडेच मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

नवगावच्या तेल्यांजवळ आचार होता, ग्रंथ नव्हता. मिसरच्या रांजणात ग्रंथ होते, आचार नव्हता. पहिल्यांना हरवलेले पुन्हा मिळविता आले, दुसऱ्यांना आले नाही. महानुभावांनी दोन्ही सांभाळले, म्हणून सातशे वर्षांनंतरही त्यांचे पुस्तक उघडले असता ते कशासाठी लिहिले हे सांगणारा माणूस भेटतो. घरातील वडीलधारी माणसे एखादा नियम पाळताना दिसली, तर तो टाकावा की ठेवावा याचा निर्णय तरुणांनी खुशाल करावा. मात्र तत्पूर्वी, यामागची गोष्ट काय, एवढे त्यांना विचारून घ्यावे. ती सांगणारे घरात आहेत तोवरच ती विचारता येते.