सोर्स कोडचे डेस्कटॉप सर्चमधील सूचीकरण

वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावरील फायली, ई-पत्रे व इतर साहित्य शोधून देणाऱ्या प्रणालीस डेस्कटॉप सर्च म्हणतात. सोर्स कोडच्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीच्या, फायलींमधील मजकूर या शोधाच्या कक्षेत आणणे म्हणजे सोर्स कोडचे सूचीकरण होय. या फायली साध्या मजकुराच्याच असतात. तरीही अनेकदा त्यांचे नाव, आकार व दिनांक एवढेच सूचीत नोंदले जाते. अशा वेळी ‘काही सापडले नाही’ हे उत्तर केवळ सूचीपुरते खरे असते. एखाद्या फंक्शनचे नाव बदलताना त्यावर विसंबल्यास जुने नाव काही फायलींत तसेच राहते आणि प्रोग्रॅम बंद पडू शकतो.

पार्श्वभूमी

गूगल डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर २००४ साली उपलब्ध झाले. एप्रिल २००५ मध्ये ॲपलने मॅक ओएस टेन १०.४ या आवृत्तीत स्पॉटलाइट ही सुविधा दिली. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून विंडोज सर्च कार्यप्रणालीतच अंतर्भूत केले. गूगल डेस्कटॉप २०११ मध्ये बंद करण्यात आले.

कार्यपद्धती

ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीत प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात. त्याचप्रमाणे डेस्कटॉप सर्च प्रत्येक शब्दापुढे तो असलेल्या फायलींची नोंद ठेवते. शोधाच्या वेळी मूळ फायली न उघडता ही सूची पाहिली जाते, म्हणून उत्तर त्वरित मिळते. फाइल कशी वाचावी हे प्रामुख्याने तिच्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे नावातील शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून, ठरते. एक्स्टेन्शन अपरिचित असेल, तर आतील मजकूर वाचला जाईलच असे नाही.

विंडोज

विंडोज सर्चमध्ये फाइलमधून मजकूर काढून देणाऱ्या घटकास ‘आयफिल्टर’ म्हणतात. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या बटणाने उघडणाऱ्या चौकटीत ‘फाइल टाइप्स’ हा विभाग असतो. तेथे प्रत्येक एक्स्टेन्शनसमोर त्याचा फिल्टर दिसतो. ‘फाइल प्रॉपर्टीज फिल्टर’ असल्यास फक्त गुणधर्म नोंदले जातात. ‘प्लेन टेक्स्ट फिल्टर’ असल्यास मजकूरही नोंदला जातो. हवे ते एक्स्टेन्शन निवडून ‘इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेन्ट्स’ हा पर्याय घेता येतो. यादीत नसलेले एक्स्टेन्शन नव्याने जोडता येते. त्यानंतर ‘रीबिल्ड’द्वारे सूची पुन्हा तयार करावी लागू शकते. आज्ञावलीचे फोल्डर सूचीकरणाच्या ठिकाणांत समाविष्ट असणेही आवश्यक असते.

मॅक ओएस

स्पॉटलाइट प्रथम फाइलचा प्रकार निश्चित करते व त्यानुसार ‘इम्पोर्टर’ नावाचा घटक वापरते. सोर्स कोड हा साध्या मजकुराचाच उपप्रकार मानला जातो. मात्र एकच एक्स्टेन्शन दोन प्रकारांसाठी वापरात असल्यास घोटाळा होतो. ‘टीएस’ हे एक्स्टेन्शन टाइपस्क्रिप्ट भाषेच्या फायलींना असते, तसेच एका व्हिडिओ प्रकारालाही असते. कोणता प्रकार गृहीत धरला आहे, हे ‘एमडीएलएस’ या आदेशाने तपासता येते.

लिनक्स

केडीई या डेस्कटॉपवर २०१४ पासून ‘बालू’ ही सूचीकरण प्रणाली आहे. ‘गिट’सारख्या साधनांचे अंतर्गत फोल्डर ती मूळ जुळणीतच वगळते. ‘रीकॉल’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणते एक्स्टेन्शन कोणत्या प्रकाराचे समजावे, हे जुळणीच्या फाइलमध्ये लिहून ठरवता येते.

मर्यादा

डेस्कटॉप सर्चची रचना मुख्यतः नैसर्गिक भाषेतील शब्दांसाठी असते. आज्ञावलीत मात्र ‘टोटलमार्क्स’सारखी जोडून लिहिलेली नावे येतात. शब्दाच्या आरंभापासून जुळणी करणाऱ्या सूचीत केवळ ‘मार्क्स’ शोधल्यास असे नाव सापडत नाही. कंस, अर्धविराम व गणिती चिन्हे सहसा सूचीत नोंदली जात नाहीत. कोडमधील मराठी टिपांबाबत अक्षरसंकेतनाचाही प्रश्न येतो: यूटीएफ-८ मधील मजकूर अन्य संकेतनाचा समजून वाचला गेला, तर देवनागरी शब्दांऐवजी निरर्थक अक्षरे नोंदली जातात.

पर्याय

युनिक्समध्ये १९७३ पासून असलेला ‘ग्रेप’ हा आदेश सूची न वापरता प्रत्यक्ष फायली वाचतो. त्यास वेळ अधिक लागतो. परंतु चिन्हे व शब्दांचे मधले भागही सापडतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या गूगल कोड सर्चने लागोपाठच्या तीन-तीन अक्षरांची सूची करून वेग व अचूकता यांचा मेळ घातला होता.

पडताळणी

फाइलमध्ये इतरत्र नसलेला एखादा शब्द लिहून, सूची अद्ययावत झाल्यावर तो शोधून पाहावा. तो न सापडल्यास फाइलचा प्रकार, फोल्डरचा समावेश व अक्षरसंकेतन या क्रमाने तपासणी करावी. फाइल सूचीत आल्याची अशी खात्री झाल्यानंतरही, नाव बदलण्यासारख्या कामांत ‘काही सापडले नाही’ हे उत्तर ‘ग्रेप’सारख्या साधनाने पडताळणे श्रेयस्कर असते.