रक्तातील प्रतिकार आणि आतड्यातील पहारा

लस एकदा टोचून घेतली, म्हणजे त्या रोगाविषयीची शरीराची आठवण रक्तातून सर्वत्र सारखीच संचार करते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. श्रोतेहो, तो अर्धाच खरा आहे. या स्मृतीचा काही भाग स्थानिक असतो.

पोलिओचेच पाहा. त्याचा विषाणू तोंडावाटे येतो, आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि क्वचित मज्जातंतूंपर्यंत पोहोचून अवयव लुळा करतो. १९५५ साली प्रचारात आलेली साल्क यांची लस टोचावयाची; तिच्यातील विषाणू मृत असतो. तिने रक्तात प्रतिपिंडे निर्माण होऊन मज्जातंतूंकडे जाणारी वाट बंद होते व मूल पांगळे होत नाही. आतडे मात्र बव्हंशी बेसावधच राहते. सेबिन यांच्या थेंबांची तऱ्हा निराळी. त्यांतील दुबळा, पण जिवंत विषाणू खऱ्या शत्रूच्याच मार्गाने जातो. आतड्याच्या भिंतीत ज्या पेशी त्याला ओळखावयास शिकतात, त्यांना परतीचा पत्ताही तेथेच मिळतो; रक्तातून फेरी मारून त्या पुन्हा आतड्यातच वस्तीला येतात आणि तेथील स्रावात प्रतिपिंडे सोडतात. त्वचेत आणि फुप्फुसांतही काही स्मृतिपेशी अशाच कायम ठाण मांडून असतात. जकात नाक्याचा कारभार ज्याने पाहिला आहे, त्याला याचे नवल वाटू नये: राजधानीत फौज कितीही असली, तरी नाक्यावर शिपाई नसेल तर माल निसटतोच.

इस्रायलमध्ये २००५ पासून बालकांना केवळ टोचण्याची लस दिली जात होती. २०१३ साली तेथील सांडपाण्यात पोलिओचा मूळ, रानटी विषाणू आढळला. महिनोन्‌महिने तो लोकांच्या आतड्यांतून फिरत होता. लुळेपण मात्र एकालाही आले नाही. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शासनाने मुलांना पुन्हा थेंब पाजावयास घेतले.

थेंबांतही उणीव आहेच. त्यांनी मिळालेला आतड्यातील प्रतिकार काळाने ओसरतो, आणि क्वचित दुबळा विषाणूच पुन्हा उग्र बनतो. भारतात रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. त्यानंतर मुरादाबाद जिल्ह्यात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी अनेकदा थेंब घेतलेल्या मुलांना मृत विषाणूची एक मात्रा टोचली आणि पुढे थेंब पाजून, विष्ठेवाटे विषाणू किती जणांच्या शरीरातून बाहेर पडतो, हे तपासले. थेंबांची आणखी एक मात्रा घेतलेल्यांपेक्षा हे प्रमाण टोचलेल्यांत कमी भरले. जी सुई आतड्याला स्वतः शिकवू शकत नाही, तीच आधी शिकलेल्या आतड्याला जागे करते. नोव्हेंबर २०१५ पासून आपल्या नित्य लसीकरणात थेंबांच्या जोडीला ही सुईही आली आहे.