लाइक, ॲडमिन आणि कलम ६६-अ

निवडणूक तोंडावर आली किंवा कुठे दंगल झाली की व्हॉट्सॲपवर एक जुनाच मेसेज फिरू लागतो : ग्रुपमध्ये कोणीही काही आक्षेपार्ह टाकलं, तर पहिली बेडी ॲडमिनच्या हातात. घाबरलेला ॲडमिन मग सगळ्यांची तोंडं बंद करून टाकतो. प्रत्यक्षात गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका ॲडमिनवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये रद्द केला. सभासद काय टाकणार, हे ॲडमिनला आधी कळत नाही. दोघांचं संगनमत दिसत नसेल तर एकाच्या मजकुरासाठी दुसरा आरोपी ठरत नाही. ॲडमिनने तोच मजकूर स्वतः पुढे ढकलला असेल, तर गोष्ट वेगळी.

‘नेटवर कोणाला लागेल असं लिहिलं की ६६-अ लागतं,’ हा समज त्याहून चिवट आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. नुसत्या लाइकसाठी अटक! माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या या कलमाखाली त्रासदायक किंवा गैरसोयीच्या मजकुरालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम संपूर्ण रद्द केलं. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येतं, याची यादी राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी ही कारणं तिच्यात आहेत. कोणाला त्रास वाटणं हे नाही.

तरीही कित्येक पोलीस ठाण्यांत या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘यापुढे कोणावरही ६६-अ लावू नका’ असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. कायद्याच्या राज्यात याहून लाजिरवाणी गोष्ट शोधावी लागेल.

पण कलम गेलं म्हणजे रान मोकळं झालं, असंही नाही. दोन समाजांत तेढ वाढवणं, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं, बदनामी हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हेच आहेत, मग लिखाण कागदावर असो की फोनवर.

सरकारला मजकूर रोखता येत नाही, हाही भ्रमच. त्याच २०१५ च्या निकालात न्यायालयाने मजकूर रोखण्याचा अधिकार सरकारला देणारं, त्याच कायद्यातलं कलम ६९-अ वैध ठरवलं. टिकटॉकसह ५९ ॲपवर २९ जून २०२० ला आलेली बंदी याच कलमाखालची. अशा आदेशाला लेखी कारणं हवीत, आणि लिहिणाऱ्याचा पत्ता लागत असेल तर त्याचीही बाजू ऐकायला हवी. अडचण आहे ती या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतल्या १६ क्रमांकाच्या नियमाची. त्यानुसार तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायच्या असतात. आपली पोस्ट का गेली हेच कळलं नाही, तर माणूस दाद कशाविरुद्ध मागणार? माझ्या मते या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत घातक भाग हाच.

मर्यादा सरकारलाही आहेत. केंद्राविषयीची माहिती खोटी की खरी, हे केंद्राच्याच कक्षाने ठरवावं, अशी तरतूद २०२३ मध्ये झाली होती. विनोदी कलाकार कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. तिसऱ्या न्यायमूर्तींचं मत आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द झाली.

राहिला ‘इंटरनेट हा मूलभूत हक्क आहे’ हा दावा. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या १० जानेवारी २०२० च्या निकालात तो प्रश्न बाजूला ठेवला. नेटवरून बोलणं आणि व्यवसाय करणं याला घटनेचं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश जाहीर करावाच लागेल, एवढं त्याने सांगितलं. तेव्हा तुमच्या तालुक्यात नेट बंद झालं, तर अफवा पुढे पाठवण्याआधी त्या आदेशाची प्रत मागा.