गल्ली आपली, वेग कुणाचा?

संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ. गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं असतं. शाळेतून आलेली मुलं दप्तरं भिरकावून खाली पळालेली असतात. आपले हात स्वयंपाकघरात, पण कान मात्र रस्त्याकडे! कुठं करकचून ब्रेक लागला की हातातलं तसंच टाकून आपण गॅलरीत धावतो. खरं की नाही, मैत्रिणींनो?

आमच्या गल्लीतला रस्ता दोन वर्षांपूर्वी काँक्रीटचा झाला. काय आनंद झाला होता आम्हा सगळ्यांना! चिखल गेला, खड्डे गेले. पण तो आनंद महिनाभरही टिकला नाही. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला जो तो आमच्या गल्लीत शिरू लागला. गुळगुळीत, सरळसोट रस्ता मिळाल्यावर हळू कोण चालवतो? एके दिवशी आमच्या धाकट्याचा चेंडू रस्त्यावर गेला आणि त्याच्या मागे तोही. मोटारसायकल त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चेंडू चाकाखाली फुटला. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी पुरुषमंडळींनी वर्गणी काढली, सिमेंटची दोन पोती आणली आणि रातोरात रस्त्यावर आडवा उंचवटा उभा राहिला. आमचे हे म्हणाले, "आता बघ, कसे सरळ येतात ते!" पंधरा दिवसांनी समोरच्या वहिनी बाळाला घेऊन दिराच्या स्कूटरवर मागे बसून येत होत्या. दिवे गेलेले, उंचवट्याला रंग नाही. स्कूटर उडाली आणि वहिनी खाली. मनगट मोडलं. बाळाचं खरचटण्यावर निभावलं, हे नशीब. दोष कुणाला द्यायचा? उपाय तर आम्हीच केला होता!

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. जे समजलं ते तुम्हालाही सांगते.

तीस आणि पन्नास

तुम्ही म्हणाल, तीस काय नि पन्नास काय, वीसचाच तर फरक! पण हिशेब करून पाहा. मूल आडवं आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात सव्वाआठ मीटर पुढे येते आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटरवर थांबते. म्हणजे सगळे मिळून तेरा-चौदा मीटर. ताशी ५० ने येणारी गाडी पहिल्या सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर आलेली असते. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक नुकता कुठे लागतोय! मूल तिथेच उभं असेल तर? म्हणून निवासी गल्लीत तीसच्या वर जाऊ नये, असं जगभरचे जाणकार सांगतात.

मग पाटी लावली की झालं? अहो, पाटी वाचून कोण थांबतो! चालवणाऱ्याशी बोलतो तो रस्ता. रुंद, सरळ, मोकळा रस्ता म्हणतो, "जा जोरात." अरुंद, वळणाचा, झाडाकुंड्यांचा रस्ता म्हणतो, "जरा जपून, इथे माणसं राहतात." आपल्या जुन्या पेठांतल्या बोळांमधून कुणी गाडी भरधाव नेऊ शकत नव्हतं, ते काही पाट्या होत्या म्हणून नाही.

हॉलंडच्या आयांनी काय केलं?

आज हॉलंड म्हटलं की सायकली आणि शांत गल्ल्या डोळ्यांपुढे येतात. पण ते पहिल्यापासून तसं नव्हतं हं! १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी अशीच गेली. त्यानं १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि मथळा दिला 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावानं चळवळ उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष झाली मार्तजे फान पुटेन नावाची एक तरुण आई. पुढे ती युरोपच्या संसदेत निवडून गेली. या लोकांनी सायकलींचे मोर्चे काढले, अपघाताच्या जागा अडवून धरल्या. गल्ली बंद करून भर रस्त्यात टेबलं मांडली आणि सगळ्या शेजाऱ्यांची पंगत बसवली. त्याच सुमारास आम्स्टरडॅमच्या एका दाटीवाटीच्या वस्तीत शाळकरी पोरांनीच खेळायला रस्ता हवा म्हणून वाहनं अडवली.

डेल्फ्ट गावात याआधीच, १९६०च्या दशकाच्या शेवटी, एक प्रयोग सुरू झाला होता. यूस्ट व्हाल हा तिथल्या नगरपालिकेतला इंजिनिअर. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी राहत्या गल्ल्यांची रचनाच बदलली. रस्ता आणि फूटपाथ एकाच पातळीवर आणले. सरळ रस्त्याला मुद्दाम वळणं दिली. मध्येमध्ये झाडं, बाकडी, कुंड्या ठेवल्या. गाड्या उभ्या करायच्या जागा आखून दिल्या. या रचनेला नाव पडलं 'वूनएर्फ', म्हणजे राहत्या घराचं अंगण. काय सुरेख शब्द आहे पाहा! १९७६ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली. अशा गल्लीत माणसानं रस्त्याच्या कुठल्याही भागातून चालावं, मुलांनी खेळावं आणि गाडी माणसाच्या पावलाच्या गतीनं जावी, असा नियम झाला.

अशी गल्ली बांधायला खर्च फार येतो. म्हणून पुढे १९८०च्या दशकात ताशी ३० च्या वस्त्या करण्याची सोपी पद्धत तिथे आली. डिसेंबर २०२३ पासून तर आम्स्टरडॅममधल्या बहुतेक रस्त्यांवर ३० हीच मर्यादा आहे. त्या देशात वर्षाला तीन हजारांच्या वर गेलेला मृत्यूंचा आकडा आता सातशेच्या आसपास आला आहे. त्यात सीटबेल्ट, हेल्मेट, सायकलींचे वेगळे मार्ग यांचाही वाटा आहे. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती.

शेजारसुद्धा जातो

आणखी एक गोष्ट सांगते. डोनाल्ड अॅपलयार्ड या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या सारख्याच दिसणाऱ्या तीन गल्ल्या अभ्यासल्या. एकीत दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसरीत ८,०००, तिसरीत १६,०००. कमी वर्दळीच्या गल्लीतल्या माणसाला गल्लीतच सरासरी तीन मित्र होते, तर गजबजलेल्या गल्लीत जेमतेम एक! १९८१ साली त्यांचं पुस्तक निघालं. वाचून मला आमचा कट्टा आठवला. गाड्या वाढल्यापासून संध्याकाळी तिथे भाजी निवडत बसणाऱ्या आजी घरात गेल्या होत्या. त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

गतिरोधक असावा कसा?

आता मुद्द्याचं. आमच्यासारखा हातभर रुंदीचा टेंगूळ घालू नका. तो गाडीवाल्याला शिस्त लावत नाही, मागे बसलेल्या बाईला मात्र पाडतो. इंजिनिअर लोकांच्या 'इंडियन रोड्स काँग्रेस'नं १९८८ सालीच याचं माप सांगितलं आहे. रुंदी ३.७ मीटर, म्हणजे बारा फूट, आणि मधली उंची फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. पालथ्या तव्यासारखा पसरट. ताशी २५ च्या वेगानं गेलं तर अंगाला धक्का बसत नाही, त्याहून जोरात गेलं तर बसतो. वर पांढरे पट्टे हवेत, आधी सूचनेची पाटी हवी आणि जवळ दिवा हवा. तो घालायचाही नगरपालिकेनंच.

गतिरोधक हा काही एकच उपाय नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ता अरुंद करता येतो. कोपरा काटकोनी ठेवला की वळणारी गाडी आपोआप हळू होते. शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणता येतं. गाड्या उभ्या करायची जागा थोडी डाव्या, थोडी उजव्या बाजूला आखली की सरळ रस्ताही नागमोडी होतो. मात्र घंटागाडी, अॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनाचा बंब जाईल एवढी वाट ठेवायलाच हवी.

आपण काय करायचं?

१. आधी मोजा. कपडे वाळत घालायच्या दोरीनं रस्त्यावर ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूनं खूण करा. गाडी ते अंतर सहा सेकंदांच्या आत पार करत असेल तर तिचा वेग तीसच्या वर आहे. गाड्या मोजायला आम्ही वाटीत एकेक चिंचोका टाकत गेलो. तासाभरात वाटी शिगोशीग भरली!

२. घरोघरी जाऊन सह्या घ्या. दुकानदार आणि रिक्षावाले यांनाही विचारा, त्यांचीही मुलं याच रस्त्यानं जातात.

३. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. 'स्पीड ब्रेकर द्या' एवढंच लिहू नका. 'गाडीचा वेग ३० च्या आत राहील अशी रस्त्याची रचना करा' असं लिहा आणि आपली मोजणी जोडा.

४. रस्त्याचं काम निघण्यापूर्वीच जा. एकदा काँक्रीट पडलं की कुणी ऐकत नाही, हा आमचा धडा.

आमच्या गल्लीतला तो टेंगूळ आता निघाला आहे. त्यासाठी सात महिने हेलपाटे घातले. त्याच्या जागी मापाचा, पट्टे मारलेला गतिरोधक आला. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना मोठ्या कुंड्या आल्या. त्यांना पाणी घालायचे वार आम्ही वाटून घेतलेत. वर्दळ थांबली असं मी म्हणणार नाही. सकाळच्या घाईत अजूनही कुणीतरी भरकन जातोच, आणि शाळेसमोरच्या क्रॉसिंगचा अर्ज अजून टेबलावरच आहे. पण आजी पुन्हा कट्ट्यावर बसू लागल्या आहेत. वहिनींचं बाळ आता चालायला लागलंय, त्याला बोटाला धरून त्या तिथेच फिरवतात.

घराचं अंगण आपण रोज झाडतो, सडा घालतो, रांगोळी काढतो. दारापुढची गल्ली हेही आपलंच अंगण. तिथे गाडीनं पाहुण्यासारखं यावं, हळूच. तुमच्या गल्लीत काय केलंत, ते आम्हाला जरूर कळवा.