एकट्याची डोंगरवाट

मागे एकदा सुट्टीच्या दिवशी मी एकटाच डोंगरावर जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, देव जर सगळीकडे आहे, तर त्याच्यासाठी डोंगर कशाला चढायचा? आणि तोही एकट्याने?" मुलगा खेड्यातला, लहानपणी गुरांमागे डोंगर तुडवलेला. त्याला डोंगराचे अप्रूप कुठून असणार? पण प्रश्न मोलाचा होता. देहूजवळच्या भामचंद्र आणि भंडारा डोंगरांवर तुकोबा एकांतात बसत, हे आपण जाणतोच. ख्रिस्ती परंपरेतही ही वाट फार जुनी आहे. तिच्याविषयी आज थोडे सांगतो.

बायबलच्या जुन्या करारात एलिया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. राणीने त्याला ठार मारण्याची शपथ घेतली, तेव्हा तो रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. पुढे चाळीस दिवस चालत तो होरेब डोंगरावर पोचला आणि गुहेत राहिला. तिथे सोसाट्याचा वारा सुटला, खडक फुटले. पण वाऱ्यात देव नव्हता. भूकंप झाला, त्यातही नव्हता. आग भडकली, तिच्यातही नव्हता. मग एक अगदी मंद, कोमल वाणी कानी आली. एलियाने तोंड झाकून घेतले. "तुझा म्हणवणारा मी एकटाच उरलो," हे त्याचे गाऱ्हाणे होते. उत्तर काय मिळाले? तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत. आता आल्या वाटेने परत जा आणि कामाला लाग. बघा, तो पळून डोंगरावर गेला, आणि डोंगरानेच त्याला परत धाडले.

येशू ख्रिस्ताच्या चरित्रातही हेच दिसते. दिवसभर लोकांची गर्दी, रोग्यांची रीघ. संध्याकाळी सर्वांना निरोप देऊन तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जाई. बारा प्रेषित निवडण्याआधीची सबंध रात्र त्याने डोंगरावर काढली, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. पुढे एका उंच डोंगरावर तीन शिष्यांना त्याचे तेजस्वी रूप दिसले. पेत्र हरखून गेला. इथेच तीन मांडव घालून राहू, म्हणाला. पण राहता आले नाही. दुसऱ्याच दिवशी खाली उतरले, तो समोर एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा! वरचे तेज आणि खालचे दुखणे यांच्यामध्ये जेमतेम एका उताराचे अंतर होते.

आता आपल्याच देशातला एक माणूस पाहू. साधू सुंदरसिंग यांचा जन्म ३ सप्टेंबर १८८९ रोजी पंजाबातील रामपूर येथे एका शीख घराण्यात झाला. आई मोठी भाविक. मुलाने साधू व्हावे, ही तिची इच्छा. ते चौदा वर्षांचे असताना ती वारली आणि मुलाचे मन सैरभैर झाले. १९०४ च्या डिसेंबरात त्यांनी रागाच्या भरात बायबल जाळले. तिसऱ्या दिवशी पहाटे देवाचे दर्शन झाले नाही, तर आगगाडीखाली जीव द्यायचा, असा निश्चय करून ते प्रार्थनेला बसले. त्या पहाटे आपल्याला ख्रिस्ताचे दर्शन झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. सोळाव्या वाढदिवशी सिमल्याला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महिन्याभरातच भगवी कफनी चढवून ते अनवाणी निघाले. जवळ पैसा नाही, फक्त एक घोंगडी आणि नवा करार. आईची इच्छा अशा रीतीने पुरी झाली!

सतलजच्या खोऱ्यावरील कोटगड हे त्यांचे जाण्यायेण्याचे ठाणे. १९०८ साली ते प्रथम तिबेटकडे गेले. उन्हाळ्यात घाट मोकळे झाले की वर जायचे, हिवाळ्यात खाली यायचे. दगडांनी सोललेल्या पायांमुळे लोक त्यांना रक्ताळलेल्या पायांचा प्रेषित म्हणत. त्यांच्या काही प्रवासकथांवर युरोपात पुढे कडाक्याचा वाद झाला, हेही सांगितले पाहिजे. पण त्यांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट ऐकाच.

हिमवादळात ते एका तिबेटी सोबत्याबरोबर चालले होते. वाटेखाली उतारावर एक माणूस बर्फात पडलेला दिसला. सोबती म्हणाला, "थांबलो तर आपणही मरू," आणि पुढे निघून गेला. सुंदरसिंगांनी त्या माणसाला पाठीवर घेतले. ओझ्याने अंगात ऊब आली. ती दोघांनाही पुरली. गाव जवळ आले, तेव्हा वाटेत तो सोबती गारठून मेलेला आढळला.

एकटे चालण्याचा अर्थ मला या गोष्टीत दिसतो. डोंगरावर आपली पदवी, पगार, गावातला मान काही चालत नाही. वाट चुकली की मनात दडलेली भीती बाहेर येते. दाट धुक्यात मी स्वतः एकदा वाट हरवून बसलो होतो. जे पाठ होते त्यातले काही आठवेना. ओठांवर नुसती हाक आली. शेवटी एका गुराख्याने हात धरून खाली आणले. वर्गात प्रार्थनेवर मी पुष्कळ बोललो होतो, पण अशी हाक कधी मारली नव्हती. ख्रिस्ती साधक एकांतात जातो तो या हाकेसाठी. माणसांचा कंटाळा आला म्हणून नव्हे. डोंगरालाच देव मानावा, असेही तो म्हणत नाही. डोंगर फक्त आपला गलबला थांबवतो.

तरी एकांताची किंमत असते. १९२९ च्या एप्रिलमध्ये, प्रकृती ढासळलेली असतानाही, सुंदरसिंग पुन्हा तिबेटच्या वाटेला लागले. चाळिशीही गाठली नव्हती. त्यानंतर ते कोणाला दिसले नाहीत. म्हणून शिक्षकबंधूंनो, मुलांना डोंगराची गोडी जरूर लावा. पण कुठे जातो ते घरी सांगून जावे, पावसाळ्यात आणि धुक्यात धाडस करू नये, हेही शिकवा.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "बाबा रे, देव सगळीकडे आहे हे खरे. आपणच सगळीकडे नसतो. आपले चित्त दहा ठिकाणी फिरत असते. ते एका जागी आणायला डोंगर चढायचा." तो हसला आणि म्हणाला, "मग सर, खाली आल्यावर?"

खाली आल्यावर, वाटेवर जो पडलेला दिसेल त्याला पाठीवर घ्यायचे. डोंगराने काय दिले, ते तिथे कळते.